जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रज मागे पडते, खेड-शिवापूर आणि कापूरव्होळ जाते आणि नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ येते. येथून सातारा जिल्हा सुरू होतो. इथपर्यंतचा रस्ता मोटारीला फारसा जड जात नाही. पुढे पारगाव-खंडाळा सोडले की मात्र समोर डोंगर आडवा येतो आणि खंबाटकी घाटाच्या जुन्या रस्त्याची वळणे लागतात.

समजा, तुमच्या मामांजवळ एक जुनी कंटेसा आहे आणि तुम्ही सर्वजण तिच्यातून साताऱ्याला निघाला आहात. कंटेसा ही एके काळची आपल्याकडची ऐषारामी मोटार. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने बंगालमधील उत्तरपाडा येथे १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनवली. तिचा सांगाडा मुळात व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश मोटारीचा. पहिल्या कंटेसांना अँबॅसॅडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. अंग पैलवानाचे आणि दम मात्र बेताचा! पुढे इसुझू या जपानी कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन आले तेव्हा कुठे जोडी जमली. अशा मोटारी हौसेने सांभाळणारे लोक आजही आहेत. त्यांची मुख्य तक्रार एकच असते. 'घरी सगळे ठीक होते हो! गॅरेजमध्येही दाखवली, काही सापडले नाही. आणि नेमकी प्रवासात दगा देते.'

यात मोटारीचा लबाडपणा काही नाही. जुन्या यंत्रातले बरेचसे दोष यंत्रावर भार पडला तरच दिसतात. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या मोटारीवर तो भार नसतो. दोष शोधायचा असेल, तर भार असताना मोजमाप केले पाहिजे. हे कसे, ते आपण शिरवळपासून घाट उतरेपर्यंतच्या प्रवासातच पाहू.

'बॅटरी गेली!'

शिरवळला चहा घेऊन सगळे परत गाडीत बसले. मामांनी किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, इंजिन एकदा कण्हल्यासारखे हलले आणि थांबले. चहाच्या टपरीवरचे चार जण गोळा झाले आणि एकमुखाने निकाल लागला, 'बॅटरी गेली. नवी टाका.' नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात. तेव्हा निकाल मान्य करण्यापूर्वी थोडा पुरावा मागू या.

आधी एक सोपी वर्गवारी करा. सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो आहे, पण इंजिन पेट घेत नाही, असे असेल तर दोष पेट्रोलमध्ये किंवा ठिणगीत शोधायचा. सेल्फच इंजिनाला फिरवत नसेल, तर पेट्रोलच्या नळ्या उघडत बसण्यात अर्थ नाही. दोष बहुधा विजेच्या बाजूला आहे. आपली गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे.

आता मामांनी हॉर्न वाजवून पाहिला. तो खणखणीत वाजला. आतला दिवाही लख्ख लागला. मल्टिमीटर बॅटरीला लावला तर त्याने १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग सेल्फ का फिरत नाही?

याचे उत्तर तुमच्या घरच्या भिंतीवर टांगलेले आहे. टॉर्चमध्ये मंद झालेले सेल आपण फेकून देत नाही. ते भिंतीवरच्या घड्याळात घालतो आणि घड्याळ पुढे कित्येक महिने चालते. सेल तोच, मग टॉर्चला नालायक आणि घड्याळाला चांगला कसा? टॉर्चच्या बल्बला अँपिअरच्या दशांशात मोजावा इतका प्रवाह लागतो, घड्याळाला त्याच्या हजारांशाहूनही कमी. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. प्रवाह थोडा असेल तर त्या रोधात विभवांतर नगण्य खर्ची पडते. प्रवाह मोठा झाला की बरेचसे विभवांतर सेलच्या पोटातच जिरते. ओहमच्या नियमाखेरीज यात काहीही नाही. पण परीक्षेत अंतर्गत रोधाची उदाहरणे अचूक सोडवणारा विद्यार्थी टॉर्च हातात आली की ती सारी विसरतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

हेच मोटारीला लावा. बॅटरीचे ऋण टोक एका जाड पट्टीने मोटारीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. मिस्त्री याला 'अर्थ' म्हणतात. त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. परतीचा प्रवाह लोखंडी सांगाड्यातून जातो एवढेच. तीस वर्षांच्या पावसाळ्यांनी हा सांधा गंजतो. समजा, गंजामुळे तिथे ०.०२ ओहम एवढाच रोध आला. मल्टिमीटरने तो रोध मोजायला गेलात तर काही हाती लागणार नाही, कारण साध्या मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधच याहून जास्त असतो. आता आकडे मांडू.

आतल्या दिव्याला सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह लागतो. सांध्यात खर्च होणारे विभवांतर ०.४ × ०.०२ = ०.००८ व्होल्ट. दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हॉर्नला ५ अँपिअर धरले तर ०.१ व्होल्ट. तोही वाजणारच. पण सेल्फला अशा इंजिनासाठी दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह हवा. १५० × ०.०२ = ३ व्होल्ट! बारापैकी तीन व्होल्ट एका गंजलेल्या सांध्याने वाटेतच गिळले. (रोध वाढल्यावर प्रवाहही काहीसा कमी होतो, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे; पण मुद्दा स्पष्ट व्हायला तेवढा पुरे.) शिवाय त्या सांध्यात १५० × ३ = ४५० वॉट दराने उष्णता निर्माण होते, म्हणजे घरच्या इस्त्रीच्या साधारण निम्म्या दराने. म्हणूनच जाणता मिस्त्री दोन-तीनदा सेल्फ मारायला लावतो आणि मग बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच एकेक सांधा चाचपतो. जो तापला तो चोर.

मीटर जवळ असेल तर चोर अधिक नेमका पकडता येतो. मोठ्या माणसाने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून सेल्फ मारायचा आणि त्याच वेळी मीटर वाचायचा. पहिले माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांमध्ये. सेल्फ मारताना ते साडेनऊ व्होल्टच्याही खाली कोसळले, तर टपरीवाल्यांचे म्हणणे खरे असण्याचा संभव मोठा. बॅटरी थकली आहे. ते साडेदहा-अकरावर टिकून राहिले आणि तरीही सेल्फ सुस्त असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. मग मीटरची एक तार ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर ठेवा. दोन्ही टोके एकाच 'अर्थ'ची असल्यामुळे सेल्फ मारतानाही येथे जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवेत. तीन व्होल्ट दिसले तर दोष याच वाटेवर आहे. आता दुसरी तार मागे मागे सरकवत आणा : इंजिन, पट्टीचे टोक, सांगाडा, पट्टीचे दुसरे टोक, बॅटरीचा क्लॅम्प. जिथे आकडा एकदम घसरतो, त्याच जागी पाना लावायचा. ऋण बाजू स्वच्छ निघाली, तर धन खुंटीपासून सेल्फपर्यंत हीच तपासणी करावी. दोन्ही बाजू चांगल्या, सेल्फला पुरेसे व्होल्ट पोचतात आणि तरी तो फिरत नाही, असे झाले तरच सेल्फ उतरवावा.

दुरुस्ती चहाच्या पैशांत होते. ऋण टोक आधी सोडायचे, सांधा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, घट्ट आवळायचा आणि वर व्हॅसलीन लावायचे. खुंटीवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी. तिथल्या सल्फ्यूरिक आम्लाचे उदासिनीकरण होते. हे करताना हातात अंगठी किंवा कडे नको, डोळ्यांची काळजी घ्या आणि जवळपास काडी तर मुळीच ओढू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

जाता जाता दुसऱ्या एका ऐषारामी मोटारीची हकीकत सांगतो. १९९५ साली पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या मोटारी जोडण्यास सुरुवात झाली. पहिली मोटार डब्ल्यू १२४ या मालिकेतली. ही मालिका टिकाऊपणाबद्दल जगभर नावाजलेली आहे. पण १९९० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या तिच्या काही पेट्रोल मोटारींत इंजिनावरच्या तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन तडकते. उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि इंजिन मधूनच अडखळते. थंड, स्थिर इंजिनावर त्याच तारा एकमेकींपासून दूर असतात आणि मीटर निर्दोषत्वाचा दाखला देतो. अशा वेळी इंजिन तापवून, चालू ठेवून, लाकडी काठीने तारांचा जुडगा हलवून पाहावा लागतो. येथे भार प्रवाहाचा नसून उष्णतेचा आणि कंपनांचा आहे.

घाटात तापणारे इंजिन

शिरवळला सांधा घासला, गाडी सुरू झाली. आता घाट लागला. माणसे आणि सामान धरून मोटारीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम समजू. चढ १५ मीटरला १ मीटर आणि वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. तेव्हा मोटार दर सेकंदाला सुमारे ०.५५ मीटर उंची गाठते. फक्त हे वजन उचलण्यासाठी १५०० × ९.८ × ०.५५, म्हणजे सुमारे ८ किलोवॉट शक्ती लागते. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने पाव हिस्सा कामी येतो, आणि तितकाच किंवा थोडा अधिक हिस्सा पाण्याच्या वाटे रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. म्हणजे घाट सुरू होताच रेडिएटरवर आठ-दहा किलोवॉटचा वाढीव बोजा पडला. न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे चार-पाच गिझर एकदम लावल्यासारखे झाले. आणि त्याच वेळी वेग निम्म्यावर आल्याने समोरून येणारा वाराही मंदावला. सपाटीवर निभावून नेणारा रेडिएटर येथे उघडा पडतो.

मध्येच तपमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. आणि ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रेडिएटरचे झाकण उघडू नका.

कारण असे. या झाकणात स्प्रिंग असते आणि तिच्यामुळे आतला दाब वातावरणापेक्षा जास्त राहतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्ही प्रेशर कुकरच्या धड्यात शिकलाच आहात. दाब अर्ध्या वातावरणाने वाढला तर पाणी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते, पूर्ण एका वातावरणाने वाढला तर सुमारे १२० अंशांना. म्हणून आत ११० अंशांचे पाणी असूनही ते उकळत नसते. आता झाकण काढले की दाब एकदम उतरतो. पुण्याच्या उंचीवर उत्कलनबिंदू सुमारे ९८ अंश आहे. घाटातही तो फार वेगळा नाही. आत ८ लीटर पाणी असेल, तर १२ अंशांची जादा उष्णता ८ × ४.२ × १२, म्हणजे सुमारे ४०० किलोज्यूल. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. तेव्हा जवळजवळ १८० ग्रॅम पाणी तत्काळ वाफ होते. ते आकाराने जेमतेम एका पेल्यात मावेल. पण त्याची वाफ ३०० लीटर जागा मागते! ती उकळत्या पाण्यासकट झाकणाच्या तोंडातून उसळते आणि समोर बॉनेटखाली वाकलेल्या माणसाचा चेहरा असतो. ओला फडका हातावर घेतल्याने या हिशेबात काहीच फरक पडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबा. रबरी नळी हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागली की मगच झाकणाकडे जा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतण्याचा मोहही टाळा. बिडाचे लोखंड असमान आकुंचनाने तडकू शकते.

थांबलात तो वेळ विचारात घालवा. पहिला प्रश्न असा की इंजिन खरोखर तापले आहे, की नुसता काटा तसे म्हणतो आहे? काट्याला माहिती देणारा भाग म्हणजे इंजिनात बसवलेला एक लहानसा रोध. तपमान वाढते तसा तो कमी होतो. त्याची तार उघडी पडून लोखंडाला टेकली, तर रोध शून्य झाल्यासारखा होतो आणि काटा थंड इंजिनावरही टोकाला जातो. उलट ती तार तुटली किंवा तिचा सांधा गंजला, तर रोध वाढतो आणि काटा 'थंड' दाखवतो, मग आत पाणी खदखदत का असेना! यांतली दुसरी चूक जास्त घातक, कारण तिच्यामुळे कोणी थांबतच नाही. म्हणून काट्याखेरीज दुसरी साक्ष काढावी. बॉनेटमधून येणारी वाफ, गोडसर वास, दगडासारखी टणक झालेली वरची नळी यांपैकी काही आहे का? दुकानात मिळणारा, दुरून तपमान वाचणारा अवरक्त तपमापक असेल तर उत्तमच.

इंजिन खरोखर तापले असेल, तर दोष हवेच्या बाजूला आहे की पाण्याच्या? रेडिएटरला दोन नळ्या असतात. जुन्या मोटारींत बहुधा वरच्या नळीतून गरम पाणी आत येते आणि खालच्या नळीतून थोडे निवून इंजिनाकडे परत जाते. बाहेर टाकली जाणारी उष्णता = दर सेकंदाला वाहणारे पाणी × विशिष्ट उष्णता × तपमानातला फरक. समजा, रेडिएटर २० किलोवॉट बाहेर टाकत आहे. सेकंदाला एक लीटर पाणी वाहत असेल तर दोन नळ्यांत सुमारे ५ अंशांचा फरक पडेल. प्रवाह पाव लीटरवर आला तर तोच फरक १९ अंशांवर जाईल. म्हणून दोन्ही नळ्या सारख्याच कडकडीत असतील, तर पाणी फिरते आहे, पण हवा उष्णता नेत नाही. फॅनबेल्ट सैल झाला आहे का, रेडिएटरच्या पापुद्र्यांत चिखल आणि किडे बसले आहेत का, ते पाहा. खालची नळी वरचीपेक्षा बरीच थंड असेल, तर पाणीच नीट फिरत नाही : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, पाण्याचा पंप झिजला किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या. हे तपमापकाने दुरूनच पाहा. काही मोटारींत पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही तो एकाएकी फिरू लागतो. बोटे दूर ठेवावीत.

नळ्या बुजण्याचे कारण पुष्कळदा आपणच असतो. वाटेतल्या विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरत गेले की चुलीवरच्या पातेल्यात बसतो तसा चुन्याचा थर आत बसतो. हा थर तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी मंद उष्णतावाहक आहे. शुद्ध केलेले पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट एवढाच त्यावर उपाय.

उतारावर

चढ संपला, म्हणजे काम संपले असे नाही. घेतलेली उंची परत द्यायची असते. तीच मोटार १०० मीटर खाली उतरली तर १५०० × ९.८ × १००, म्हणजे जवळजवळ १५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. ती सगळी ब्रेकने घेतली आणि चारी चाकांचे तापणारे लोखंड मिळून २५ किलोग्रॅम धरले, तर त्याचे तपमान सुमारे १३० अंशांनी वाढेल. हवा थोडे निववेल, हे खरे. पण ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंतही पोचते.

ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते. 'डॉट ३' प्रकारचे नवे, कोरडे ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असे मानक आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. अंगणात ब्रेक दाबून पाहिला तर तो घट्टच लागतो, कारण अंगणात तो तापलेला नसतो. या दोषाची परीक्षा घाटात होऊ देणे शहाणपणाचे नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. मोटार ज्या गिअरमध्ये चढवली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी म्हणजे बराचसा भार इंजिन घेते.

घाट उतरून सपाटी लागली की दहा मिनिटे थांबा आणि चारी चाकांजवळ, स्पर्श न करता, तळहात धरून पाहा. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त तापलेली असणारच, कारण ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे झुकतो. म्हणून पुढच्या चाकाची तुलना पुढच्याशी आणि मागच्याची मागच्याशी करा. जोडीतले एक चाक थंडच राहिले असेल तर त्याच्या ब्रेकने काम केलेले नाही. एक फारच तापले असेल, तर त्याचा ब्रेक सुटतच नसावा, किंवा दुसऱ्याच्या वाट्याचे कामही तेच करत असावे. कोणते चाक ते एका कागदावर टिपून ठेवा आणि साताऱ्याला पोचल्यावर तो कागद मिस्त्रीच्या हाती द्या.